हवेतला बोर्ड, हातातला फ्लॅश : वाचकांचे प्रश्न

स्केटबोर्डिंगचे फोटो फ्लॅश वापरून कसे काढायचे आणि नंतर संगणकावर ते कसे सुधारायचे, यावर आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

शटर १/५०० सेकंदावर नेलं की फोटोच्या खालच्या भागात काळा पट्टा येतो. फ्लॅश बिघडला आहे का? (पुणे)

फ्लॅश ठणठणीत आहे. तुमच्या कॅमेऱ्यातल्या शटरला दोन पडदे असतात. पहिला सरकतो आणि सेन्सर उघडतो, दुसरा त्याच्यामागून येऊन तो झाकतो. १/२०० किंवा १/२५० पर्यंत एक क्षण असा येतो, की अख्खा सेन्सर उघडा असतो. फ्लॅश त्या क्षणी पेटतो. त्याहून वेगवान शटर लावलं, की पहिला पडदा टोकाला पोचण्याआधीच दुसरा निघतो. सेन्सरवरून नुसती एक फट सरकत जाते आणि फ्लॅश पेटताना जो भाग झाकलेला असतो तो काळा येतो.

ही मर्यादा कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. काही कॅमेऱ्यांची १/१६० इतकीच असते, म्हणून जुना कॅमेरा घेताना हा आकडा आधी बघा. रेडिओ ट्रिगर (फ्लॅश दुरून पेटवणारं यंत्र) लावल्यावर १/२५० ला कडेला बारीक काळी रेघ दिसली, तर १/२०० वर या. सिग्नल पोचायला लागणारा किंचित वेळ तिथे आडवा येतो. लेन्समध्येच पानांचं (लीफ) शटर असलेल्या जुन्या हॅसलब्लाड कॅमेऱ्यांवर १/५०० ला फ्लॅश चालायचा. सोनी ए९ थ्री या कॅमेऱ्यात सगळा सेन्सर एकाच वेळी वाचला जातो, त्यामुळे तिथे पट्ट्याचा प्रश्नच उरत नाही. बाकी आपण सगळे १/२०० वाले.

मग १/२०० ला हवेतला बोर्ड गोठणार कसा? माझ्या फोटोंत चाकं आणि बुटांची टोकं पुसट येतात. फ्लॅश तर पूर्ण ताकदीवर ठेवतो. (कोल्हापूर)

चूक तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. अंधुक जागेत हालचाल शटर गोठवत नाही, फ्लॅशची ठिणगी गोठवते. आणि हातातल्या साध्या फ्लॅशची ठिणगी ताकद कमी केली की आखूड होते. निकॉनच्या एसबी-९०० या फ्लॅशचे आकडे बघा: पूर्ण ताकदीला १/८८० सेकंद, १/४ ला १/२५५०, १/८ ला १/५००० आणि १/१६ ला १/१००००. त्यातही पूर्ण ताकदीच्या ठिणगीला मंदावत जाणारी लांब शेपटी असते, ती या १/८८० मध्ये पुरती मोजलेली नसते. चाकं पुसतात ती त्या शेपटीत.

आता हे स्केटरला लावून बघू. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. १/२५० सेकंदात तो २ सेंटिमीटर पुढे जातो, १/२५०० सेकंदात २ मिलिमीटर. किकफ्लिपमध्ये, म्हणजे पायाने बोर्ड हवेत फिरवण्याच्या उडीत, बोर्ड स्वतःभोवतीही फिरत असतो, त्यामुळे त्याची कड आणखी वेगात असते. म्हणून १/८ हे आमच्या मते सर्वांत कामाचं बटण. १/४ चालतं. त्यावर जाऊ नका.

ताकद पूर्णवरून १/८ वर आणली की तीन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). तो परत मिळवायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे फ्लॅश जवळ आणणं. ३ मीटरवरून दीड मीटरवर आणला की उजेड चौपट, म्हणजे दोन स्टॉप. एकाच स्टँडवर दोन फ्लॅश जोडले की आणखी एक. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वरून ४०० केल्यानेही दोन स्टॉप मिळतात, पण त्यात भोवतालचा उजेडही तितकाच वाढतो, आणि हे तुमच्या पुसट कडांचं दुसरं कारण असू शकतं.

ते तपासायला फ्लॅश बंद करून त्याच सेटिंगवर एक फोटो काढा. त्यात स्केटर स्पष्ट दिसत असेल, तर शटर उघडं असेपर्यंतची त्याची फरफटही फोटोत येणारच. तो जेमतेम ओळखू येईल इतका काळोख हवा, म्हणजे योग्य एक्स्पोजरपेक्षा दोन स्टॉप कमी. मागे उजळ आकाश असेल तर दुखणं वेगळं दिसतं: आकाशच बुटाची कड खातं. उपाय कोन बदलण्याचा. मागे गडद भिंत किंवा झाडी येईल असे उभे राहा.

(एक सावधगिरी. स्टुडिओतल्या जुन्या पद्धतीच्या मोठ्या फ्लॅशमध्ये हे उलटं असतं. तिथे ताकद कमी केली की ठिणगी लांबते. उसना आणलेला स्टुडिओ फ्लॅश असेल, तर आधी फिरत्या पंख्यावर फोटो काढून बघा.)

मध्य प्रदेशात पन्ना जिल्ह्यातल्या जनवारच्या स्केटपार्कवर फोटो काढायला जाणार आहे. वेळ दुपारचीच मिळेल. हाय-स्पीड सिंक वापरू का? (भोपाळ)

भर उन्हात आयएसओ १०० आणि १/२५० ला एक्स्पोजर एफ/१० च्या आसपास बसतं (एफचा आकडा मोठा, तितकं लेन्सचं छिद्र बारीक). आकाश एक स्टॉप गडद करायचं तर एफ/१४. एवढ्या बारीक छिद्राला हातातला फ्लॅश पूर्ण ताकदीवर असूनही अडीच-तीन मीटरच्या पुढे पुरत नाही, आणि पूर्ण ताकद म्हणजे वर सांगितलेली शेपटी आलीच.

हाय-स्पीड सिंकमध्ये फ्लॅश एकदाच पेटत नाही, फट सेन्सरवरून सरकत असताना भराभर लुकलुकत राहतो. त्यामुळे १/२००० लाही पट्टा येत नाही, पण निदान दोन स्टॉप ताकद जाते आणि फ्लॅश लवकर तापतो. इथे ठिणगी हालचाल गोठवत नाही, ते काम शटर करतं. म्हणून या पद्धतीत १/१००० च्या खाली उतरण्यात अर्थ नाही. २०० वॅट-सेकंदांचा बॅटरीवरचा फ्लॅश असेल तर जरूर वापरा. नसेल, तर सूर्यालाच मागचा दिवा करा: ऊन स्केटरच्या पाठीवर-खांद्यावर पडेल असे उभे राहा आणि फ्लॅशने फक्त समोरची सावली भरा. जनवारच्या पार्कचं काँक्रीट फिकट असेल, तर तेही खालून बराच उजेड परत फेकेल. शक्य झालं तर सूर्यास्तानंतरचा अर्धा तास मात्र आवर्जून मागा. आकाशात रंग असतो, जमिनीवर ऊन नसतं आणि छोटा फ्लॅशही राजा असतो.

माझ्याकडे दोन साधे फ्लॅश आणि एक ट्रिगर आहे. पाच पायऱ्यांवरून उडी मारणाऱ्या मित्राचे फोटो काढायचे आहेत. फ्लॅश ठेवू कुठे? (नवी मुंबई)

फ्लॅशच्या आधी स्वतःची जागा ठरवा. स्केटबोर्डिंगच्या फोटोत तीन गोष्टी दिसायलाच हव्यात: कुठून उडाला, कशावरून गेला आणि कुठे उतरणार. पायऱ्यांच्या बाजूला, खालच्या दोन पायऱ्यांच्या पातळीवर बसलात तर तिन्ही मिळतात. नुसता हवेतला माणूस आणि मागे आभाळ असा फोटो स्केटरला दाखवलात, तर तो पहिलं हेच विचारेल, की पायऱ्या किती होत्या.

पहिला फ्लॅश तुमच्याच बाजूला, कॅमेऱ्यापासून साधारण ४५ अंश सरकवून, उडीच्या सर्वोच्च बिंदूपासून अडीच-तीन मीटरवर. उंची सव्वादोन मीटर. ताकद १/८, फ्लॅशच्या डोक्याचा झूम ३५ मिलिमीटर. दुसरा पायऱ्यांच्या पलीकडे, स्केटरच्या मागच्या अंगाला, पहिल्याच्या साधारण समोरासमोर. चार मीटरवर, झूम ५० आणि ताकद १/४. हा मागचा फ्लॅश खांद्याला, गुडघ्याला आणि बोर्डच्या कडेला उजेडाची रेघ ओढतो. ती रेघ नसेल तर काळी पँट अंधाऱ्या पार्श्वभूमीत बुडून जाते. फ्लॅशला उजेड मऊ करणाऱ्या छत्र्या लावू नका. त्या उजेड खातात, आणि खाडीवरचं वारं सुटलं की छत्रीचं शीड होतं.

मुख्य फ्लॅश उंच ठेवायला सांगतो त्याचं एक कारण आहे. उंचावरून उजेड आला की बोर्डची सावली खाली पायरीवर पडते. चाकं आणि ती सावली यांच्यात मोकळी जागा दिसते आणि बघणाऱ्याला उंची तिथेच कळते. कॅमेऱ्यावर बसवलेल्या फ्लॅशने सावली बरोबर पाठीमागे जाते आणि माणूस भिंतीवर चिकटवल्यासारखा दिसतो.

सेटिंग एकेक करून लावा. दोन्ही फ्लॅश बंद करून भोवतालचा उजेड आधी बसवा. मग फक्त मुख्य, मग फक्त मागचा, मग दोन्ही. ट्रिगरवर त्यांना ए आणि बी असे वेगळे गट द्या, म्हणजे उठून जावं लागत नाही. चाचणीसाठी मित्राला पाचव्या पायरीवर उभं करून बोर्ड डोक्याच्या वर धरायला सांगा. उजेड त्या उंचीला बघायचा असतो, पायरीला नाही. मागच्या फ्लॅशची चमक लेन्समध्ये शिरत असेल तर त्याच्या कडेला काळ्या पुठ्ठ्याची पट्टी चिकटवा.

फ्लॅशचा झोत त्याच्या उतरण्याच्या रेषेतून डोळ्यांवर येऊ देऊ नका. उडी मारताना त्याची नजर उतरायच्या जागेवर असते. तिथेच चकाकलं तर पाय चुकतो. सुरू करण्यापूर्वी त्याला एकदा पळत येऊन फ्लॅश पेटलेला पाहू द्या आणि खटकतोय का हे विचारा. स्टँडला दोन लिटर पाण्याच्या बाटलीची पिशवी अडकवा. सुटलेला बोर्ड कुठे जाईल ते पाहून स्टँड त्या वाटेतून बाजूला घ्या.

सेल निकेल-मेटल हायड्राइडचे, पुन्हा भरता येणारे वापरा. अल्कलाइन सेलवर दोन फ्लॅशमधला वेळ लांबत जातो आणि नेमका जमलेल्या उडीला फ्लॅश पेटत नाही. कमी ताकदीवर काम केलं की फ्लॅशही कमी तापतो.

फोकस कसा धरायचा? ऑटोफोकस दरवेळी मागच्या भिंतीवर जातो. (नाशिक)

धरायचा नाही, आधीच ठेवायचा. स्केटर ज्या पायरीवर किंवा कठड्याच्या कडेवर येणार, तिथे बोर्ड उभा धरायला सांगा, फोकस करा आणि लेन्स मॅन्युअलवर टाका. एफ/५.६ ते एफ/८. फुल-फ्रेमवर १५ मिलिमीटरची फिशआय (कडा वाकवणारी अतिरुंद लेन्स) असेल तर एफ/८ ला ९५ सेंटिमीटरवर फोकस ठेवा. अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं.

क्षण नेहमी चुकतो. सेकंदाला दहा फ्रेमवर लावलं तरी हवी ती मधली फ्रेम हुकते. (सोलापूर)

सेकंदाला दहा म्हणजे दोन फ्रेममध्ये सेकंदाचा दहावा भाग, तेवढ्यात स्केटर अर्धा मीटर पुढे गेलेला असतो. शिवाय फ्लॅश प्रत्येक फ्रेमला भरून तयार होत नाही. एका प्रयत्नाला एकच फोटो, ही सवय लावून घ्या.

सपाटीवरच्या ऑलीत, म्हणजे बोर्डसकट मारलेल्या साध्या उडीत, बोर्डची शेपटी (मागचं टोक) जमिनीवर आपटते तेव्हा ‘टक्’ असा आवाज येतो. तिथून वरचा बिंदू साधारण पाव सेकंदावर असतो, आणि आवाज ऐकून बोट दाबायला आपल्याला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे आवाजाची वाट पाहिलीत तर उतरती फ्रेम मिळण्याचाच संभव जास्त. दबलेले गुडघे उलगडू लागले, की बोट दाबायला सुरुवात करा.

ऑलीत बोर्ड आडवा सपाट झालेला, दोन्ही पाय त्यावर आणि गुडघे छातीशी, ही फ्रेम. किकफ्लिपमध्ये बोर्ड उलटा, चाकं वर आणि दोन्ही पाय त्याच्या वर मोकळे. किंवा पुढच्या पायाने बोर्ड पकडला तो क्षण. ग्राइंडमध्ये, म्हणजे कठड्यावरून घसरताना, ट्रक (चाकांचा धातूचा आस) कठड्यावर पुरता बसलेला हवा. नुकता टेकलेला फोटो बघून तो पुढे घसरला की पडला ते कळत नाही. आणि जमलेल्या प्रयत्नाचाच फोटो वापरायचा, हा या खेळातला अलिखित नियम आहे. स्केटर पडलेल्या प्रयत्नाची फ्रेम कितीही देखणी असली तरी ती ‘त्याने केलं’ म्हणून छापू नका.

दरवेळी उडीच हवी असंही नाही. छायाचित्रकार जे. ग्रँट ब्रिटन यांनी टिपलेला, नुसता पाय मारत पुढे जाणाऱ्या स्केटर टॉड स्वँकचा फोटो १९८७ मध्ये ‘ट्रान्सवर्ल्ड स्केटबोर्डिंग’ मासिकाच्या मुखपृष्ठावर आला आणि या क्षेत्रात तो आजही आदराने पाहिला जातो.

लंडनच्या साउथबँकखालच्या स्केट जागेत छतावर फ्लॅश मारून पाहिला. सगळं मळकट आणि रंगीत आलं. (लंडन)

क्वीन एलिझाबेथ हॉलच्या खालची ही जागा १९७०च्या दशकापासून स्केटरांची आहे. तिच्या भिंतींवर थरावर थर रंग चढलेले आहेत. उजेड जिथे आपटतो तिथला रंग घेऊन येतो; तुमच्या फोटोतला मळकटपणा त्या भित्तिचित्रांचा आहे. शिवाय छतावरून येणाऱ्या उजेडाने डोळ्यांखाली खड्डे पडतात.

फ्लॅश थेट मारा, पण बाजूने. खांब जाडजूड आहेत, मागचा फ्लॅश त्यांच्याआड लपतो. तुम्ही नदीच्या बाजूने आत बघत लांब लेन्स लावलीत, तर मागे आपोआप काळोख मिळतो आणि पुसट कडांचा प्रश्न तिथेच मिटतो. नदीकाठी येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ असते, तेव्हा स्टँडऐवजी फ्लॅश सोबत्याच्या हातात द्या.

पार्किंगमधल्या पिवळ्या दिव्यांत फ्लॅशचा उजेड निळा-पांढरा दिसतो. (ठाणे)

उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये मोजतात; आकडा लहान तितका तो पिवळा. सोडियमचा दिवा सुमारे २००० केल्व्हिनचा, फ्लॅश साधारण ५५०० चा. फ्लॅशवर पूर्ण नारिंगी जिलेटीन (रंगीत पारदर्शक पट्टी) लावा, तो ३२०० च्या आसपास येतो, आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने कोणता उजेड पांढरा मानायचा ती सेटिंग) ३२०० ठेवा. स्केटर नैसर्गिक दिसेल आणि मागचे दिवे उबदार राहतील. ते पूर्ण पांढरे करायला जाऊ नका. सोडियमच्या उजेडात बाकीचे रंग जवळजवळ नसतातच, नंतर ओढूनही मिळत नाहीत. जिलेटीनने जवळजवळ एक स्टॉप उजेड जातो, तेवढी ताकद वाढवा.

एडिट केलं की माझे फोटो कार्टूनसारखे दिसतात. नेमकं किती करायचं? (छत्रपती संभाजीनगर)

पाठवलेल्या फोटोत शॅडो (गडद भागांची पट्टी) पूर्ण वर, हायलाइट (उजळ भागांची पट्टी) पूर्ण खाली आणि क्लॅरिटी (पोत उठावदार करणारी पट्टी) ६० असं दिसतंय. म्हणजे फ्लॅशने जो उजेड-काळोख उभा केला होता, तो तुम्ही एडिटिंगमध्ये पुसून टाकला. फ्लॅशच्या फोटोत काळोख हा दोष नाही. त्याच्यामुळेच स्केटर पुढे येतो.

रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) हा क्रम धरा; लाइटरूम असो की फुकटचं डार्कटेबल. आधी व्हाइट बॅलन्स, मग एक्स्पोजर. मग हायलाइट, पण फक्त पांढरा शर्ट आणि बुटांचे तळवे यांत पोत परत येईल इतकेच. ते पूर्ण जळालेले असतील तर काही परत येत नाही. पुढच्या वेळी फ्लॅश अर्ध्या स्टॉपने कमी करा. शॅडोची पट्टी जागेवरच राहू द्या.

आता मास्क घ्या, म्हणजे फोटोचा निवडलेला भागच बदलतो. फरक पडतो तो इथे. पहिला मास्क स्केटर आणि बोर्डवर: एक्स्पोजर ०.२ ते ०.३ वाढवा. दुसरा आकाशावर किंवा मागच्या इमारतीवर: ०.५ कमी. तिसरा उतरायच्या जागेवर. ती काळोखात हरवली असेल तर हलक्या ब्रशने ०.३ उचला, म्हणजे उडीचा शेवट डोळ्यांना सापडतो. क्लॅरिटी फक्त काँक्रीटवर, १५ ते २०. चेहऱ्यावर शून्य. ग्रिप टेपचा (बोर्डवर चिकटवलेल्या खरखरीत पट्टीचा) काळा खरखरीतपणा दिसायला हवा, पण तो राखाडी होईपर्यंत उचललात तर त्यात नॉइज येतो आणि बोर्ड जुनाट दिसतो.

शेवटी मागची वाकडी जमीन सरळ करा आणि मगच क्रॉप करा. क्रॉप करताना वरची पायरी कापू नका. पाच पायऱ्यांच्या चार झाल्या, तर मित्रावर अन्याय होईल. छापायला द्यायचा फोटो पडद्यावर दिसतो त्यापेक्षा थोडा उजळ ठेवा, कागदावर सावल्या दाटतात.

एकाच फोटोत उडीचे पाच-सहा टप्पे कसे दाखवतात? आणि फ्रेममध्ये आलेला स्टँड पुसला तर ती फसवणूक का? (मडगाव)

कॅमेरा तिवईवर घट्ट. फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. फ्लॅश शक्यतो नको, नाहीतर १/३२ च्या खाली. तिथे तो एकापाठोपाठ काही फ्रेम देतो. सुरू करण्यापूर्वी माणूस नसलेली एक कोरी फ्रेम घ्या. नंतर सगळ्या फ्रेम एकावर एक थर म्हणून रचा, प्रत्येकावर काळा मास्क टाका आणि फक्त स्केटर व त्याची सावली पांढऱ्या ब्रशने उघडा. सावली विसरलात तर माणूस तरंगतो. सगळे टप्पे एकाच प्रयत्नातले हवेत.

स्टँड पुसण्यात गैर नाही, त्याच कोऱ्या फ्रेममधून तो भाग भरता येतो. पण ती फ्रेम स्टँड बाजूला काढून घेतलेली हवी. बोर्ड वर सरकवणं, पायरी वाढवणं, पडलेल्या प्रयत्नाला उभं दाखवणं, ही फसवणूक.

फिशआयचा बाक सॉफ्टवेअरमध्ये सरळ करू का? (अकोला)

नको. कडा ताणल्या जाऊन पुसट होतात, कोपरे कापावे लागतात आणि रॅम्पची उंची फोटोतून निघून जाते. त्याऐवजी क्षितिज फ्रेमच्या बरोबर मध्यातून जाऊ द्या. तिथे बाक दिसत नाही. आणि ही लेन्स बोर्डपासून अर्ध्या मीटरवर धरावी लागते, म्हणून डोळा व्ह्यूफाइंडरला न लावता स्क्रीनवर ठेवा आणि सुटलेल्या बोर्डाकडे लक्ष असू द्या. तिच्या फुगीर काचेवर साधा फिल्टर बसत नाही.